झाडाचे माप आणि माणसाचे माप

आज आम्ही जो प्रश्न आपणांपुढे मांडणार आहोत, तो वरवर पाहता भाजीबाजारातला वाटेल. परसात किंवा गच्चीवर चार टोमॅटोची झाडे लावणारा मनुष्य हमखास विचारतो, "कुठल्या जातीला जास्त फळ येतं हो?" दोन जातींची रोपे शेजारी शेजारी लावावीत, फळे तोडावीत, तोलावीत आणि कोण सरस ते ठरवावे, एवढीच त्याची इच्छा. यात पाप कुठे आले? आले नाहीच. पण ह्याच साध्या कामातून एक मोठा प्रश्न डोके वर काढतो. ज्याने आपले कर्म पांडुरंगाला वाहिले, त्याने फळाचा तोल करावा काय? आणि झाडाझाडांत डावे-उजवे करणारी ही सवय माणसामाणसांत शिरली तर तिचे काय करायचे?

प्रथम ह्या फळाचीच ओळख करून घेऊ. टोमॅटो आपल्या मातीतला नव्हे. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचे. मेक्सिकोच्या लोकांनी तो शेतात वाढवला, सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानात उतरला. आपल्या जुन्या माणसांनी त्याला बेलवांगे म्हटले. कुठे भेदरे म्हणतात. वांग्याशी त्याचे नाते जोडले ते बरोबरच होते, कारण वनस्पतिशास्त्रही दोघांना एकाच कुळात घालते. परका म्हणून आला, आणि आज आपल्या आमटीत, कोशिंबिरीत असा मिसळून गेला आहे की त्याला परका म्हणायला जीभ वळत नाही. चातुर्मासात वांगे सोडणारी घरे आहेत, एकादशीला टोमॅटो वर्ज्य मानणारीही आहेत. पण द्वादशीला भाजीत तो हवाच. येणाऱ्याला आपला करून घेण्याची ही रीत संप्रदायाला नवी नाही.

त्याच्या जातीही पुष्कळ. दिल्लीच्या पुसा येथील संस्थेने काढलेल्या पुसा रुबी आणि पुसा अर्ली ड्वार्फ, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धनश्री आणि भाग्यश्री, बंगळूरच्या बागवानी संस्थेची अर्का विकास आणि तिचीच अर्का रक्षक हा संकरित वाण. कोणी उंच वाढते, तिला काठीचा नाही तर तारेचा आधार द्यावा लागतो. कोणी ठेंगणी राहते, एकदम फुलते आणि एकदम फळते. कोणी रोगाला दाद देत नाही; अर्का रक्षक तर पाने मुरडणाऱ्या विषाणूला, मर रोगाला आणि करप्याला, तिघांनाही तोंड देण्यासाठीच तयार केलेली आहे. कोणाचे बी घरी धरून पुन्हा पेरता येते, कारण टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते आणि सरळ वाणाचे बी आईसारखेच निघते. संकरित वाणाचे बी धरले तर मात्र पुढची पिढी एकसारखी येत नाही, दर हंगामाला नवे बी आणावे लागते. इतके भेद आहेत, तर पारख करू नये असे कोण म्हणेल?

इथे एक शंका येते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी कर्माचा अधिकार सांगितला, फळाचा नाही. मग फळ तोलून वहीत लिहिणारा माळी गीतेच्या विरुद्ध वागतो की काय?

आमच्या मते तसे मुळीच नाही. फळाची आसक्ती वेगळी आणि फळाची परीक्षा वेगळी. आसक्ती म्हणते, "फळ मलाच पाहिजे, माझ्या मनासारखंच पाहिजे, नाही आलं तर मी दुःखी." परीक्षा म्हणते, "जे आलं ते खरोखर किती आलं?" पहिलीत मागणी आहे, दुसरीत सत्याची चाड आहे. उलट, जो तोलत नाही तोच आसक्तीच्या जास्त आहारी जातो. हौसेने आणलेल्या वाणाला आलेले एकच मोठे लालभडक फळ त्याच्या ध्यानात राहते, शेजाऱ्याला तो तेच दाखवतो. आणि रोज मूठमूठ फळ देणारे गरीब झाड त्याच्या हिशेबातच येत नाही. मन आवडत्याच्या पारड्यात बोट घालते. ताजव्याला आवडते-नावडते नसते. म्हणून म्हणतो, माळ्याने खुशाल तोलावे. तोलून झाल्यावर वही मिटावी आणि टोपली देवापुढे ठेवावी. त्यात गीतेला बाध येत नाही.

पण तोलायचे म्हणजे न्यायाने तोलायचे. आणि न्यायाने तोलणे किती कठीण आहे हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळते. एक जात भिंतीच्या पूर्वेला लावली, तिला सकाळपासून ऊन मिळाले. दुसरी लिंबाच्या सावलीत लावली. पहिलीला फळ दुप्पट आले. आता हे फळ बियाचे की उन्हाचे? एक रोप तीन आठवड्यांचे लावले, दुसरे दीड महिन्याचे, पिशवीत मुळे गुंडाळलेले. एकाला रोज पाणी, दुसऱ्याला आठवण होईल तेव्हा. आणि पाण्याच्या अशा ओढाताणीत फळाचे बूड काळे पडते, कारण चुना फळापर्यंत नीट पोचत नाही. एकाची फुले थंडीत आली ती धरली, दुसऱ्याची भर उन्हाळ्यात आली ती गळाली. फार उष्णतेत टोमॅटोचे फूल टिकत नाही. या सगळ्याचा दोष बियाच्या माथी मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे झाले.

म्हणून जाणते लोक सांगतात: बी एकाच दिवशी टाका, रोपे एका वयाची लावा, माती, खत, पाणी, ऊन, दोन झाडांतले अंतर, सगळे सारखे ठेवा. शिवाय एका जातीचे एकच झाड लावून निकाल देऊ नका. पाच-सहा तरी लावा. कारण एकाच जातीची, एकाच वाफ्यातली दोन झाडेसुद्धा सारखी फळत नाहीत. एकाच्या मुळाशी दगड लागतो, एकाला किडा लागतो. आणि कुठले झाड कुठे लावायचे ते आपल्या आवडीने ठरवू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे चांगली जागा आवडत्याला द्यायची संधीच हाताला मिळणार नाही. ही चिठ्ठ्यांची युक्ती शास्त्रात पक्की केली ती रोनाल्ड फिशर या इंग्रज गणितज्ञाने. १९१९ साली तो रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात गेला, तिथल्या पिकांचे वर्षानुवर्षांचे आकडे त्याने चाळले आणि १९३५ साली प्रयोगाच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. त्याच्या शिकवणीचे सार आमच्या भाषेत सांगायचे तर एवढेच, की मनुष्याच्या मनावर विश्वास ठेवू नका, ते पक्षपाती आहे. आपल्या संतांनी मनाविषयी दुसरे काय सांगितले?

सगळे सारखे केले तरी आणखी एक पेच उरतो. जास्त म्हणजे काय? समजा, एका बारीक फळाच्या झाडाला ३०० फळे आली, प्रत्येक १० ग्रॅमचे. दुसऱ्या मोठ्या फळाच्या झाडाला २५ आली, प्रत्येक १२० ग्रॅमचे. दोघांचे वजन ३ किलोच. मोजणारा म्हणेल पहिले जिंकले, तोलणारा म्हणेल बरोबरी झाली, आणि भाजी चिरणारी माउली म्हणेल, "बाई, तीनशे कोण चिरत बसणार? मला मोठीच बरी." पुन्हा समजा, ठेंगण्या झाडाने पहिल्या महिन्यात २ किलो दिले आणि ते संपले; उंच झाडाने त्या महिन्यात पाऊणच किलो दिले, पण पुढचे दोन महिने किलो-किलो देत राहिले. महिन्याच्या शेवटी वही मिटली तर ठेंगणे श्रेष्ठ. तीन महिन्यांनी मिटली तर उंच झाड पाऊण किलोने पुढे. झाडे तीच, फळे तीच, निकाल उलटा. तो कशाने उलटला? आपण वही कधी मिटली, यावरून.

तेव्हा तुलनेला माप लागते, आणि माप येते आपल्या गरजेतून. घरात एकदम सार-चटणी करून ठेवायची असेल तर एकदम फळणारे झाड चांगले. रोज दोन फळे हवी असतील तर सावकाश देणारे चांगले. बाजारात लांब पाठवायचे असेल तर जाड सालीचे चांगले. "चांगले झाड" ह्या दोन शब्दांत "माझ्या कामाला" हे दोन शब्द नेहमी लपलेले असतात. झाडाच्या बाबतीत त्यात काही वावगे नाही. आपण त्याला पोटासाठीच लावले. ज्याचे फळ आपल्याला पुरत नाही ते पुढच्या साली लावले नाही तर कोणी आपल्याला निर्दय म्हणणार नाही.

आता आपण मूळ मुद्द्याशी आलो. टोमॅटोच्या वाणाला आपण सहज "जात" म्हणतो. माणसाच्या बाबतीतही आपल्या लोकांनी शतकानुशतके तोच शब्द वापरला. शब्द एक म्हणून अर्थ एक, असे समजून केवढा अनर्थ झाला! "ही जातच तशी," असे झाडाविषयी म्हणण्याआधी माळ्याला दहा गोष्टी सारख्या कराव्या लागतात. माणसाविषयी मात्र हे वाक्य ओटीवर पानाला चुना लावता लावता म्हटले जाते. ज्याला पिढ्यान्पिढ्या गावाबाहेर, पाणवठ्यापासून दूर ठेवले, ज्याच्या हाती पाटी दिली नाही, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघा, यांना फळ येत नाही." सावलीत लावायचे, पाणी तोडायचे आणि वर बियाला नावे ठेवायची! टोमॅटोच्या वाफ्यात असा हिशेब कोणी मांडला तर खेड्यातला अडाणी माळीसुद्धा हसेल.

टोमॅटोच्या जातीतला भेद निदान बियात खरोखर असतो. माणसांनी जाणूनबुजून निवड करून तो तिथे आणलेला असतो. माणसाचे तसे नाही. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने जगातल्या निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील गुणांचा हिशेब मांडला. त्यात आढळले ते असे, की माणसांमाणसांत आनुवंशिक म्हणून जो काही फरक आहे त्यातला सुमारे ८५ टक्के एकेका समूहाच्या आतच असतो. म्हणजे शेजारचा आपल्याच समूहाचा मनुष्य आणि दूरचा परका मनुष्य, यांत आपण समजतो तेवढे अंतर नाहीच. संतांनी हे आकड्यांवाचून सांगितले. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, सावता माळी, चोखोबा महार, नामदेवांच्या घरची दासी जनाबाई. एवढ्या वेगवेगळ्या वाफ्यांत एकाच भक्तीचे पीक आले, यापेक्षा मोठा प्रयोग कोणता हवा? तरीही चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर राहिली, आणि त्यांच्या बांधवांना राउळात पाऊल टाकता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. संप्रदायात राहूनही आपण किती काळ चुकीच्या तराजूने तोलत होतो, याची ती आठवण आहे. ती विसरू नये.

आणि विद्या आली म्हणजे समदृष्टी आली, अशाही भ्रमात राहू नये. वर ज्या फिशरची आम्ही वाखाणणी केली, ज्याने धान्याच्या ताटालाही न्याय कसा द्यावा हे जगाला शिकवले, तोच गृहस्थ माणसांची चांगले वाण आणि वाईट वाण अशी निवड व्हावी या मताचा होता. १९३३ साली तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याच सुप्रजननाच्या विषयाचा प्राध्यापक झाला. वाफ्यात चिठ्ठ्या टाकणारा विद्वान माणसांच्या बाबतीत आपल्या मनाच्या पक्षपातावर विसंबला. बुद्धी वाफ्यापर्यंत पोचते. घराच्या उंबऱ्याआत यायला तिला नम्रतेचा हात धरावा लागतो.

कोणी म्हणेल, "महाराज, हे सगळं ठीक, पण माणसांत फरक असतातच ना? एक अभ्यास करतो, एक करत नाही. आणि गोरोबाकाकांनी तर खुद्द संतांचीच परीक्षा घेतली!" शंका योग्य आहे. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सगळे कीर्तनात ऐकत आलो. मुक्ताबाईंनी विचारले, यातले पक्के मडके कोणते नि कच्चे कोणते. काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले. सगळे शांत राहिले, नामदेव तेवढे रागावले. आणि मडके कच्चे ठरले. पण कथा इथे थांबत नाही, हेच आपण ध्यानात घेत नाही. कच्चे ठरले म्हणून नामदेवांना कोणी पंक्तीतून उठवले नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले, गुरुकृपा झाली, आणि त्याच नामदेवांची पायरी आज महाद्वारात आहे. तिच्यावर पाय पडू नये म्हणून आपण जपून उतरतो. कुंभार मडके वाजवतो ते फोडण्यासाठी नव्हे, कच्चे असेल तर पुन्हा भट्टीत घालण्यासाठी.

यातून विवेक असा निघतो. ज्या तुलनेतून उपाय निघतो ती करावी. जिच्यातून केवळ दर्जा निघतो ती टाकावी. मुलाला गणित येत नाही हे पाहायचे ते त्याला शिकवण्यासाठी, "तुझा भाऊ बघ!" असे म्हणून त्याचे तोंड उतरवण्यासाठी नाही. थोरली सून आणि धाकटी सून यांच्या भाकरी ताटात शेजारी ठेवून सासूबाई जेव्हा मान हलवतात, तेव्हा त्यांना भाकरी सुधारायची नसते, कोणाला तरी खाली बसवायचे असते. तो तराजू घराला आग लावतो. शिवाय एकीला माहेरी चुलीजवळ आईने बसवून शिकवले आणि दुसरीची आई लहानपणीच गेली, ही ऊन-सावली सासूबाईंच्या वहीत कुठे लिहिलेली असते?

आणि दुसऱ्यांचे कशाला, आपलेच पाहू. "माझ्या चाळीस वाऱ्या झाल्या, त्याच्या चारच." "आमच्या दिंडीत पाचशे माणूस, त्यांच्यात पन्नास." "मी पायी, तो मोटारीने." हा देखील फळांचाच तोल चालला आहे! वाऱ्या मोजणे वाईट नव्हे. नेम चुकू नये म्हणून मोजाव्यात. पण शेजाऱ्याच्या वाऱ्यांशी ताडून पाहिल्या की त्यातली वारी जाते नि आकडा उरतो. अरणचे सावतोबा तर मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत, पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला, असे संप्रदाय सांगतो. वाऱ्यांच्या संख्येने तोलायचे तर सावतोबांचे पारडे रिकामे ठरेल. ज्या मापात सावतोबा शून्य ठरतात ते माप चुकीचे, हे सांगायला पंडित लागत नाही.

झाड आणि माणूस यांत मुख्य अंतर हेच. झाड आपण आपल्या गरजेसाठी लावतो, म्हणून आपल्या गरजेचे माप त्याला लावता येते. माणूस कोणाच्या गरजेसाठी जन्माला आलेला नाही. तो देवाचा आहे. त्याला कोणत्या मापाने मोजायचे ते आपल्या हाती दिलेलेच नाही. शिवाय त्याची वही कधी मिटायची हेही आपल्याला ठाऊक नसते. ठेंगण्या झाडासारखा कोणी लवकर फळतो, कोणी उशिरा फळतो. आज रिकामे दिसणारे झाड उद्या फुलणार नाही असे कोणी सांगावे? आपण पहिल्याच महिन्यात निकाल वाचून मोकळे होतो.

एवढे बोलून, झाडाकडे तरी केवळ गरजेच्याच दृष्टीने पाहावे काय? तेही नाही. सावतोबांना मळ्यातल्या भाजीपाल्यात विठाई दिसली, ती कुठल्या झाडाला किती फळ आले यावरून दिसली नव्हती. म्हणून तोलून झाल्यावर, ज्या झाडाने कमी दिले त्यालाही हंगाम संपेपर्यंत पाणी घालावे. दोन फळे पाखरांनी खाल्ली तर ती हिशेबात तोटा म्हणून लिहू नयेत. जातीचा गुणदोष ठरवताना ती मोजावीत हवी तर, पण मनाला लावून घेऊ नयेत.

संप्रदायाने आपल्याला या रोगावर औषध फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वय विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, किती वाऱ्या झाल्या तेही विचारत नाहीत. पाया पडायला दोन्ही हात लागतात; तराजू आधी खाली ठेवावाच लागतो. परसात तो पुन्हा उचलावा, प्रामाणिकपणे तोलावे, चांगले बी निवडावे, शेजाऱ्यालाही थोडे द्यावे. पण दिंडीत, घरात, पंक्तीत मात्र तो खाली ठेवलेलाच राहू द्यावा, एवढीच आमची सर्वांच्या पायी विनंती आहे.

॥ रामकृष्णहरि ॥